खालून येणारा हादरा

लॅटिन भाषेंत ‘सक्कुस्सिओ’ असें एक नाम आहे. ‘खालून’ या अर्थाचा उपसर्ग आणि ‘जोरानें हालविणें’ या अर्थाचा धातु मिळून तें बनलें. होमिओपॅथीचीं औषधें करितांना कुपीस जे हिसके देतात, त्यांचें इंग्रजी नांव याच शब्दापासून आलें आहे. परंतु रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें तो शब्द भूमीविषयीं योजिला आहे, आणि तो अर्थ आपणांस अधिक जवळचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत इटलींतील पाँपेई नगर भूकंपानें मोडून पडलें. त्याविषयीं लिहितांना सेनेकानें प्रथम पॉसिडोनिअसचें मत दिलें: जमीन खालीवर उसळते ती ‘सक्कुस्सिओ’, नौकेप्रमाणें कुशींवर कलते ती ‘इन्क्लिनातिओ’. यांत त्यानें स्वतः तिसरा प्रकार जोडला, तो ‘ट्रेमोर’, म्हणजे थरथर. मराठींतही हादरा, हेलकावा, कंप हे शब्द निराळे आहेत; पण ‘भूकंप’ म्हटलें कीं हा भेद लोपतो.

नळदुर्गापासून सरळ रेषेंत सुमारें ४० किलोमीटरांवर किल्लारी आहे. १९९२ सालीं तेथें लहान धक्के बसले; तो कंप होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, गणेशविसर्जन करून झोंपलेल्या गांवांखालीं खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला आणि जमीन उसळली. हा खरा सक्कुस्सिओ. लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारें १०,००० माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचें जड माळवद हीं उन्हाळ्यांत थंडावा देत. त्या पहांटे तींच अंगावर आलीं.

दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानें १६१३ सालीं बोरी नदीवर बांधविलेला नळदुर्गचा पाणीमहाल मात्र आजही उभा आहे. किल्लारीपासूनचें अंतर हें एक कारण खरेंच. पण घडीव दगडांची पक्की बांधणी आणि मातींत रचलेली भिंत यांतील भेदही विसरतां येत नाहीं.

भूकंपाच्या नकाशांत किल्लारीचा टापू तेव्हां सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. कंपानिया प्रांत सोडून निघालेल्यांना सेनेकानें विचारलें होतें कीं, दुसरीकडची भूमि अधिक स्थिर असेल याची हमी कोण देणार? या प्रश्नाला दख्खनचें पठारही अपवाद नाहीं. भूमीची हमी मिळत नाहीं. म्हणून भिंतीचा सांधा आणि छपराचा भार यांची काळजी मनुष्यानेंच घ्यावयाची असते.