ब्रिटिश पोलिसांचा घरभत्ता : एक नामांतर

ऑगस्ट 1918 मध्ये लंडनच्या पोलिसांनी संप केला. पुढील वर्षी नेमलेल्या डेस्बरो समितीने इंग्लंड व वेल्समधील पोलिसांचे वेतन वाढविण्याची शिफारस केली. शिवाय शिपायास विनामूल्य निवासस्थान द्यावे, ते नसल्यास घरभाडे द्यावे, असेही सुचविले. यास कृपा म्हणणे चुकीचे होईल. कोठे राहावे यास वरिष्ठांची संमती लागे. त्या बंधनाचा हा मोबदला होता.

1990 मध्ये ‘भाडेभत्ता’ जाऊन ‘गृहभत्ता’ आला. भाषेच्या अभ्यासकास येथे थांबावेसे वाटते. ‘भाडे’ म्हटले की प्रत्यक्ष घराचा खर्च डोळ्यांपुढे येतो. ‘गृहभत्ता’ ही वेतनालगतची एक रक्कम भासते, आणि अशी रक्कम छाटणे, माझ्या मते, सोपे जाते.

तशी वेळ लवकरच आली. सरकारी तूट वाढली असता, 1993 मध्ये सर पॅट्रिक शीही यांच्या समितीने हा भत्ता बंद करण्याची शिफारस केली. जुलैत वेम्बली येथे हजारो पोलीस निषेधार्थ जमले. गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी मुदतबंद नेमणुकांसारख्या सूचना फेटाळल्या. ही मात्र अर्धी स्वीकारली. सेवेतील पोलिसांचा भत्ता गोठविला गेला, आणि 1 सप्टेंबर 1994 पासून भरती होणाऱ्यांस तो मिळेनासा झाला. म्हणजे कपात बसली ती सभेस येणे ज्यांना शक्यच नव्हते अशांच्या माथी! एकाच गस्तीवरील दोघांचे हिशेब तेव्हापासून निराळे झाले.

2003 च्या नियमांत जुन्यांच्या या रकमेचे नाव ‘रिप्लेसमेंट अलाउन्स’ असे आहे. त्यात घराचा उल्लेखही नाही.