खिशातलं अस्वल

या मालिकेत आजवर मी किल्ले, तोफा आणि मोहिमा यांबद्दल बोलत आलो. आजचा विषय टेडी बेअर आहे असं घरी सांगितलं, तेव्हा सौ. म्हणाली, "निवृत्तीनंतर माणूस पुन्हा लहान होतो म्हणतात, ते खरं दिसतंय." पण ऐका तर खरं.

कॅनडाच्या राजधानीत, ओटावाला, एक मोठं युद्धसंग्रहालय आहे. रणगाडे आहेत, तोफा आहेत, आणि तिथेच एक कापडी अस्वलही जपून ठेवलंय, तळहातावर मावेल एवढं. त्याला डोळे नाहीत. मागचे पाय नाहीत. मी ते फोटोतच पाहिलंय, पण पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही.

जुनी टेडी बेअर जमवणाऱ्यांची जगात एक वेगळी दुनिया आहे. त्यांना आर्क्टोफाइल म्हणतात. ग्रीक भाषेत आर्क्टोस म्हणजे अस्वल. त्यांच्या बाजाराच्या नियमांनी पाहिलं, तर डोळे आणि पाय गेलेल्या अस्वलाला फारसा भाव नाही. आणि त्याच बाजारात ५ डिसेंबर १९९४ रोजी लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात 'टेडी गर्ल' नावाचं एक अस्वल १ लाख १० हजार पौंडांना गेलं. जपानमधल्या एका उद्योजकाने आपल्या टेडी संग्रहालयासाठी ते घेतलं. ही दोन्ही अस्वलं सैनिकांची. एकाचा मालक युद्धातून परत आला, दुसऱ्याचा आला नाही. आज या दोघांबद्दल बोलायचंय. पण आधी टेडी आला कुठून ते पाहू.

नोव्हेंबर १९०२. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. १८९८ साली क्यूबात घोडदळाच्या स्वयंसेवकांची रेजिमेंट घेऊन लढलेला हा माणूस. त्याला 'कर्नल' म्हटलेलं आवडायचं, 'टेडी' मुळीच नाही. शिकारीची सूत्रं होल्ट कोलिअर नावाच्या कृष्णवर्णीय वाटाड्याकडे होती. कोलिअर जन्माने गुलाम, आणि त्या भागातला नामांकित अस्वल-शिकारी. बरोबरच्या लोकांना अस्वलं मिळाली, राष्ट्राध्यक्षांना मिळेना. तेव्हा कोलिअरने कुत्र्यांनी घेरलेलं एक अस्वल झाडाला बांधून ठेवलं आणि रूझवेल्टना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. १६ नोव्हेंबरच्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमनने त्यावर व्यंगचित्र काढलं आणि गोष्ट देशभर झाली.

मुलांच्या पुस्तकांत गोष्ट इथेच थांबते, अस्वल आनंदाने जंगलात निघून जातं. प्रत्यक्षात ते फार जखमी होतं. रूझवेल्टनी गोळी झाडली नाही, पण त्याचे हाल संपवा असं सांगितलं आणि त्याला सुरीने मारण्यात आलं. टेडीच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून खरी गोष्ट आणि विकली जाणारी गोष्ट अशा दोन वाटा आहेत. पुढेही त्या भेटतील.

व्यंगचित्र पाहून ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस आणि रोझ मिक्टम या स्थलांतरित ज्यू दांपत्याने कापडी अस्वल शिवलं आणि 'टेडीज बेअर' म्हणून काचेत मांडलं. त्यातूनच पुढे आयडियल ही मोठी खेळणी कंपनी उभी राहिली. नाव वापरायला राष्ट्राध्यक्षांची परवानगी पत्राने मिळाली होती असं सांगतात, मात्र ते पत्र कुणी दाखवलेलं नाही.

त्याच सुमारास, त्यांचा काही संबंध नसताना, जर्मनीतल्या गिंगेन गावीही हाच प्रकार चालू होता. मार्गारेट श्टाइफ या बाईंना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. उजवा हातही अधू. तरी त्या शिवणकाम शिकल्या, आणि १८८० च्या सुमाराला टाचण्या खोचायला फेल्टचे छोटे हत्ती करू लागल्या. मुलं त्या हत्तींशी खेळतात हे लक्षात आलं आणि धंदा उभा राहिला. त्यांचा पुतण्या रिचर्ड प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची चित्रं काढायचा. त्याने हातपाय आणि मान फिरणारं अस्वल तयार केलं. १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने अशी ३००० अस्वलं मागवली. त्या पहिल्या नमुन्याचं, '५५ पीबी'चं, एकही अस्वल आज कुठे सापडत नाही. जगभरचे संग्राहक त्याच्या शोधात आहेत. १९०७ या एका वर्षात श्टाइफने ९ लाख ७४ हजार अस्वलं केली, यावरून लाट केवढी होती ते कळेल.

नकला होऊ लागल्या म्हणून श्टाइफने १९०४ पासून प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचं बटण ठोकलं. सुरुवातीच्या बटणावर हत्ती, नंतर काही काळ कोरं बटण, मग कंपनीचं नाव. मी हे वाचलं तेव्हा लगेच आमची ओळखबिल्ली आठवली. गळ्यात बिल्ला आहे तोवर माणसाला नंबर आहे, रेजिमेंट आहे. संग्राहकही आधी कान चाचपतो.

बटण नसेल तर? तर मग अंगावरून ओळख पटवावी लागते. इथे या छंदाची खरी गंमत आहे. पहिल्या महायुद्धाआधीच्या अस्वलाचे डोळे म्हणजे बहुधा बुटांची काळी बटणं; काचेचे डोळे नंतर रुळले. कातडं मोहेरचं, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचं. आत लाकडाचा किस भरलेला. दाबलं की करकरतो. पुढे इंग्लंडमध्ये कपोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसासारखा हलका कापूस भरू लागले. जुन्या अस्वलाचे हात लांब, नाक पुढे आलेलं आणि पाठीला चक्क कुबड, कारण नमुना खऱ्या अस्वलाचा होता. गुबगुबीत बाळासारखा चेहरा नंतर आला. युद्धानंतर जर्मनीत मोहेर मिळेना, तेव्हा श्टाइफने १९१९ पासून काही काळ कागदी धाग्याच्या कापडाचीही अस्वलं केली. हरलेल्या देशाची अवस्था खेळण्याच्या कातडीवर अशी उतरलेली असते. आणि एक बारीक गोष्ट: कापडाचा तागा वाया जाऊ नये म्हणून श्टाइफच्या दर सातव्या अस्वलाचं डोकं दोन तुकडे जोडून करत, त्यामुळे नाकाच्या मधोमध शिवण येई. तेव्हा ही काटकसर होती. आज त्या मधल्या शिवणीसाठी जास्त पैसे मोजतात!

आता युद्धाकडे येतो.

१९१४ मध्ये इंग्लंडमध्ये जर्मन खेळणी येणं बंद झालं आणि फार्नेलसारख्या इंग्लिश कंपन्यांना मैदान मोकळं मिळालं. फार्नेलने बोटाएवढी, नऊ-दहा सेंटिमीटरची अस्वलं काढली. आघाडीवर निघालेल्या सैनिकाला घरच्यांनी द्यायची. त्यांचे डोळे नेहमीपेक्षा वर बसवलेले असत, म्हणजे गणवेशाच्या खिशातून अस्वल बाहेर डोकावेल आणि मालकाच्या तोंडाकडे पाहील. शिवणाऱ्या बाईला हे कसं सुचलं असेल, मला राहून राहून वाटतं.

ओटावाचं अस्वल मात्र दुकानातून सैनिकासाठी घेतलेलं नव्हतं. क्विबेक प्रांतातला लॉरेन्स रॉजर्स हा शेतकरी १९१५ मध्ये भरती झाला आणि घोडेस्वार रायफल्सच्या बटालियनबरोबर फ्रान्सला गेला. काम जखमींवर उपचारांचं. त्याची दहा वर्षांची मुलगी आयलीन हिने वडिलांचं रक्षण व्हावं म्हणून आपलं अस्वल त्याला पाठवून दिलं. तो घरी पत्रं लिहीत असे, आणि एका पत्रात त्याने कळवलं होतं की अस्वल मळलंय, मागचे पाय ढिले झालेत, पण अजून माझ्याजवळ आहे. ऑक्टोबर १९१७ च्या शेवटी पाशेनडेलच्या चिखलात जखमींना मदत करताना रॉजर्स मारला गेला. त्याच्या सामानाबरोबर अस्वल घरी परत आलं. घरच्यांनी ते आणि ती पत्रं जपली, आणि पुढे नातीच्या हातून ते संग्रहालयात पोहोचलं.

लक्षात घ्या, पत्रं नसती तर ते पाय नसलेलं चिंधीचं अस्वल होतं. कुणीतरी कधीच टाकून दिलं असतं.

त्याच युद्धात हॅरी कोलबर्न नावाचा कॅनडाच्या सैन्याचा पशुवैद्य लेफ्टनंट रेल्वेने जाताना व्हाइट रिव्हर स्टेशनवर उतरला आणि २० डॉलरला खरं, जिवंत अस्वलाचं पिल्लू विकत घेऊन बसला. आपल्या विनिपेग शहरावरून त्याने मादीचं नाव विनी ठेवलं. फ्रान्सला जाताना त्याने तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सोडलं. तिथे ख्रिस्तोफर रॉबिन मिल्न हा मुलगा तिला पाहायला जाई, आणि हॅरॉड्समधून त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेल्या टेडीला पुढे 'विनी द पूह' हे नाव मिळालं. त्याचे वडील ए. ए. मिल्न सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होते, आणि पुस्तकांची चित्रं काढणारे अर्नेस्ट शेपर्ड तोफखान्यात. जगातलं सगळ्यात शांत जंगल या दोन अधिकाऱ्यांनी खंदकातून परत आल्यावर उभं केलं. मूळ खेळणी आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत, पुरेशी झिजलेली.

मोठ्या माणसांनी टेडी उघडपणे जमवणं मात्र बरंच नंतर सुरू झालं. त्याला कारण पीटर बुल हा इंग्लिश नट. दुसऱ्या महायुद्धात त्याने आरमारात उतरण-नौकांवर अधिकारी म्हणून शौर्यपदक मिळवलं होतं. १९६९ मध्ये त्याने टेडींवर पुस्तक लिहिलं, दूरदर्शनवर बोलला, आणि जगभरातून पत्रांचा ढीग आला. पत्रांत एकच सूर, की माझंही अस्वल आहे, पण कुणाला सांगितलं नव्हतं. टेडी गर्लचे मालक कर्नल बॉब हेंडरसन याच पिढीतले. ब्रिटिश सेनेतले अधिकारी. टेडी गर्ल लहानपणापासून त्यांच्या घरात, आणि नॉर्मंडीच्या मोहिमेत खिशात एक छोटं अस्वल असे, असं त्यांच्याबद्दल सांगतात. इस्पितळातल्या मुलांना टेडी देणाऱ्या संस्थेच्या ब्रिटिश शाखेचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते गेल्यावर संग्रह लिलावात आला.

टेडी गर्ल अगदी सुरुवातीचं, दालचिनी रंगाचं श्टाइफ अस्वल आहे, दुर्मीळ आहेच. पण तसल्या अस्वलांना तेव्हाही एवढा भाव नव्हता. पैसे मोजले गेले ते कर्नलसाहेबांच्या गोष्टीसाठी. इथेच या बाजाराचा घोळ आहे. एकीकडे नियम असा, की खेळणं जितकं कोरं तितकं महाग, म्हणजे ज्याच्याशी कुणी मूल खेळलंच नाही ते उत्तम. दुसरीकडे माया जडलेली असल्याचा पुरावा मिळाला, तर किंमत दसपट. मग खोट्या गोष्टीही तयार होतात. जुनं मोहेर वापरून शिवलेली, मुद्दाम घासून टक्कल पाडलेली अस्वलं बाजारात आहेतच. अतिनील दिव्याखाली धरलं की नवा कृत्रिम धागा चमकतो आणि चोरी पकडली जाते. खोटी गोष्ट मात्र कुठल्याच दिव्याखाली चमकत नाही. म्हणून मी तरी अस्वलाच्या आधी त्याची पत्रं, फोटो, पावत्या पाहीन.

हे माझ्या इतकं जिव्हारी का लागतं, ते सांगतो. आपल्या सेनेत जवान गेला की त्याच्या खाजगी सामानाची यादी करायला एक समिती बसते. कॅप्टन असताना अशा एका समितीवर मी होतो. काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. कपडे, दाढीचं सामान, मनीऑर्डरच्या पावत्या, देवाचा फोटो. तळाशी गुंडाळलेल्या मफलरमध्ये लाकडाचा छोटा बैल, लाखेचा लाल रंग दिलेला, एक चाक गायब. सुभेदारसाहेबांनी तो हातात धरला आणि म्हणाले, "साहब, इसका क्या लिखें?" मी सांगितलं, खेळणं, लाकडी, जुनं, एक. किंमतीच्या रकान्यात शून्य. घरून मुलाने दिलेला होता, की मुलासाठी घेतला होता आणि न्यायचा राहिला होता, विचारायला माणूस उरला नव्हता, आणि घरच्यांना पत्र लिहून विचारावं हे मला सुचलं नाही. पेटी सीलबंद होऊन गेली. बैल आज कुठे आहे कोण जाणे. असलाच, तर त्याच्याबरोबर माझ्या अक्षरातला तो शून्य आहे.

तुमच्यापैकी इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, कुठकुठून ऐकणारे आहेत, आणि बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर एखादी पेटी असेल. त्यात कापडी प्राणी निघाला तर तो धुऊ नका. आतला लाकडाचा किस भिजला की कुजतो. कसर लागली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. तुटलेला पाय लगेच शिवायला घेऊ नका. आणि तो कुणाचा, कुणी आणला, कोणत्या साली, हे आठवणारं माणूस घरात आहे तोवर एका चिठ्ठीवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि चिठ्ठी त्याच पेटीत ठेवा.

पुढच्या भागात शिशाचे सैनिक.