खुर्ची-स्टुलावरून पडून होणारी व्यावसायिक इजा

काम करताना खुर्ची वा स्टूल उलटून, सरकून अथवा मोडून कामगार पडल्यास होणारी इजा. शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे संपूर्ण भार एकवटल्यासारखा असतो तो बिंदू, बैठकीच्या पायांमधील आधारक्षेत्राबाहेर गेला की तोल जातो. चाकांची खुर्ची सरकली की हे क्षेत्रच शरीराखालून निसटते; म्हणूनच तिच्यावर उभे राहणे सर्वांत घातक होय. सातारा-सांगलीकडे किर्लोस्करवाडी व कुपवाडचे कारखाने, विट्याचे यंत्रमाग आणि सांगलीच्या हळदपेठेतील पेढ्या यांत यंत्रांच्या व ओझ्यांच्या अपघातांकडे लक्ष जाते. पण सरकारी अभिलेखकक्षात स्टुलावर उभे राहून छतापर्यंतच्या मांडणीवरून कापडात बांधलेले जड दप्तर दोन्ही हातांनी उतरवणाऱ्या कारकुनाला धरायला काहीच नसते, हा धोका उपेक्षितच राहतो. पडताना टेकलेल्या तळहातामुळे मनगटाजवळ बहिःप्रकोष्ठास्थी, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे हाड, मोडते. कुल्ल्यावर आपटल्यास माकडहाड दुखावते, तर डोक्याचा मार प्राणघातक ठरू शकतो. कठड्याची पायरी-शिडी हा साधा व स्वस्त उपाय असून तो न करणे ही व्यवस्थापनाची हयगय आहे. १९२३ च्या कामगार भरपाई अधिनियमाने नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. तिच्यासाठी पडण्याच्या उंचीची कोणतीही अट घातली नाही.