दहा पौंडांचा दंड आणि एक वाक्य

न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, हे वचन आपल्याकडे इतके रुळले आहे की ते कोणी, कधी आणि कशाच्या निमित्ताने उच्चारले असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. संपादकीयांत, विधिमंडळातील भाषणांत, महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांत ते सर्रास येते. अशा वचनाचा जन्म एखाद्या राजद्रोहाच्या किंवा खुनाच्या गाजलेल्या खटल्यात झाला असावा, अशी वाचकाची स्वाभाविक समजूत असते. प्रत्यक्षात ते एका मोटारसायकलस्वाराच्या वाहतूक-गुन्ह्यातून आले आहे. आम्ही मराठीचे अध्यापन करणारे. कायदा हा आमचा प्रांत नव्हे. तथापि वाक्याचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावे लागू नये.

इंग्लंडमध्ये मोटार नवी होती तेव्हाची गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागेल. १८६५च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढाच वेग मोकळा ठेवला होता. १८९६ साली ही मर्यादा सैल झाली. १९०३च्या कायद्याने ती ताशी वीस मैलांवर नेली आणि त्याबरोबरच वाहनाला क्रमांक, चालकाला परवाना हे बंधन आले. पोलीस हातात घड्याळ घेऊन रस्त्याकडेच्या कुंपणाआड दबा धरून बसू लागले. मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये आपली संघटना काढली, तिचा एक आरंभीचा उद्देश या सापळ्यांची आगाऊ सूचना देणे हा होता. म्हणजे वाहतुकीचा दंड आणि त्याविषयीची कुरबुर या दोन्ही गोष्टी मोटारीइतक्याच जुन्या आहेत.

हे खटले चालत ते 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणवल्या जाणाऱ्या मानसेवी दंडाधिकाऱ्यांपुढे. ही मंडळी बहुधा गावातील प्रतिष्ठित गृहस्थ असत. त्यांचे कायद्याचे शिक्षण झालेले असण्याची आवश्यकता नव्हती. त्यामुळे त्यांच्या शेजारी बसणारा न्यायालयाचा कारकून हा नावाचा कारकून असला तरी व्यवहारात तोच कायद्याचा जाणकार असे. दंडाधिकारी निर्णयासाठी आतल्या खोलीत जात तेव्हा तोही सोबत जाई. कायद्याचा मुद्दा अडला तर सांगायला. पुढची सगळी कथा या कारकुनाच्या उठून आत जाण्यावर उभी आहे.

ससेक्स परगण्यात मॅकार्थी नावाच्या मोटारसायकलस्वाराची दुसऱ्या एका वाहनाशी टक्कर झाली. पोलिसांनी त्याच्यावर धोकादायकपणे वाहन चालवल्याचा आरोप ठेवला. साक्षीपुरावा झाला, दंडाधिकारी आत गेले, त्यांच्यामागोमाग बदली कारकूनही गेला. बाहेर येऊन त्यांनी मॅकार्थीला दोषी ठरवले आणि दहा पौंड दंड व खर्च भरण्यास फर्मावले. नंतर उघड झाले ते असे: तो कारकून ज्या वकिली पेढीचा भागीदार होता, तीच पेढी टक्कर झालेल्या दुसऱ्या पक्षाच्या वतीने मॅकार्थीकडून नुकसानभरपाई मागत होती. मॅकार्थी फौजदारीत दोषी ठरणे हे त्या पेढीच्या दिवाणी दाव्याच्या दृष्टीने सोयीचे होते, हे सांगायला कायदेपंडिताची गरज नाही.

मॅकार्थीने दंड भरून मोकळे व्हावे, हा व्यवहारी शहाणपणाचा सल्ला त्या काळीही कोणी दिला असता. त्याने उच्च न्यायालयाच्या किंग्ज बेंच विभागाकडे धाव घेतली. तेथे दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितले की निर्णय त्यांनी स्वतःच घेतला, कारकुनाला काही विचारले नाही; आणि कारकुनानेही आतल्या खोलीत त्या प्रकरणाविषयी अवाक्षर काढले नव्हते. हे कथन न्यायालयाने खरे मानले. आणि तरीही दोषसिद्धी रद्द केली.

९ नोव्हेंबर १९२३ रोजी सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी दिलेल्या या अगदी छोट्या निकालाचे मर्म या 'तरीही'मध्ये आहे. आतल्या खोलीत काय घडले हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसले, एवढेच त्यांनी विचारात घेतले. न्याय झाल्याचे उघडपणे आणि निःसंशयपणे दिसणे हे न्याय होण्याइतकेच मूलभूत महत्त्वाचे आहे, असे त्यांनी म्हटले. दाराआडच्या सज्जनपणाचे प्रमाणपत्र दाराबाहेरच्या माणसाला पुरत नाही, असा याचा अर्थ आम्ही लावतो. निकालात आणखी एक मुद्दा होता. मॅकार्थीच्या वकिलाला कारकुनाचा हितसंबंध आधीच ठाऊक असता आणि तो मुद्दाम गप्प राहिला असता, तर दाद मिळाली नसती. पण दंडाधिकारी आत जाईपर्यंत त्याला ते ठाऊकच नव्हते.

हे दोन्ही मुद्दे चौतीस वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयात पुन्हा भेटतात. 'माणकलाल विरुद्ध प्रेमचंद' या १९५७च्या प्रकरणात एका वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्याच बाजूने उभे राहिलेले होते. निकाल लिहिला तो साताऱ्यात जन्मलेल्या, संस्कृतच्या व्यासंगी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. पक्षपात प्रत्यक्षात झाला का हे पाहायचे नसून, तो झाला असावा अशी रास्त शंका पक्षकाराला येईल का हे पाहायचे, ही कसोटी त्यांनी मान्य केली. पण वकिलाने हरकत वेळेवर घेतली नाही, म्हणून त्याला तिचा लाभ मिळाला नाही. तत्त्व तेच, फळ मात्र उलट. जो बोलत नाही त्याचा हक्क मुका होतो, हा या निकालाचा धडा मॅकार्थीच्या धड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाची आठवण व्हावी. तिथल्या लुटुपुटूच्या खटल्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेले काशीकर स्वतःच साक्षीदार होऊन बेणारेबाईंविरुद्ध साक्ष देतात. तो प्रसंग पाहताना प्रेक्षकाला कायद्याचे कलम माहीत नसते. पण काहीतरी विपरीत घडते आहे हे त्याला आतून जाणवते. कारकुनाला दंडाधिकाऱ्यांमागोमाग आत जाताना पाहून मॅकार्थीला जे जाणवले असेल, ते याहून वेगळे नसावे. नाटक आणि न्यायालय या दोहोंत दिसण्याला असलेले महत्त्व हे असे एका मुळातून आलेले आहे.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन प्रमुख कायदे झाले. १९८८च्या कायद्याचे कलम २०८ किरकोळ गुन्ह्यातील आरोपीला न्यायालयात न येता पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवण्याची मुभा देते. कलम २०० अधिकाऱ्याकडेच रक्कम भरून तडजोड करू देते. २०१९च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा वाढल्या, आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याचे ई-चलान मोबाइलवर येऊ लागले. २०२१ साली केंद्रीय नियमांत आलेल्या १६७-अ या नियमाने उपकरणाला प्रमाणपत्र, नोटिशीसोबत छायाचित्राचा पुरावा आणि १५ दिवसांत नोटीस अशी बंधने घातली. म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. मात्र ती वापरायला लागणारी सवड आणि उमेद सामान्य माणसापाशी क्वचितच असते.

या ठिकाणी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'चलान' म्हणजे मुळात माल किंवा रक्कम पाठवताना सोबत द्यायचा कागद. पोलिसी परिभाषेत आरोपीला न्यायालयाकडे रवाना करणे यालाही 'चलान करणे' म्हणत. न्यायालयाकडे जाण्याची दिशा त्या शब्दातच होती. आज तोच शब्द उच्चारला की पैसे भरणे एवढेच आपल्याला सुचते. 'पावती फाडणे' या आपल्या बोलीतील प्रयोगाने तर सुनावणी पूर्णपणे वगळून टाकली आहे. पावती ही देवघेव संपल्याची खूण असते. थकलेली ई-चलाने लोकअदालतीपुढे ठेवली जातात, तिथेही पुरावा तपासून निवाडा होत नाही, तडजोड होते. आणि त्या निवाड्यावर अपीलही नसते. न्यायालयांवरील भार पाहता ही सोय गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने सिग्नल खरोखरच मोडला त्याने दंड भरावा, हेही उघड आहे. रस्त्यावर पायी चालणाऱ्याचा जीव हा चालकाच्या सवडीहून मोलाचा आहे. प्रश्न आहे तो न मोडणाऱ्याचा: ज्याच्या वाहनाचा क्रमांक दुसऱ्याच कोणी लावला आहे, ज्याने गाडी विकली पण नोंद बदललेली नाही, त्याचा. त्याला दिसते ते फक्त एक छायाचित्र आणि एक रक्कम. आतल्या खोलीचे दार त्याला दिसतसुद्धा नाही.

ह्यूअर्ट यांनी १९२९ साली 'द न्यू डेस्पॉटिझम' हे पुस्तक लिहिले. सरकारी खाती स्वतःच नियम करतात आणि स्वतःच निवाडा देतात, न्यायालयाचा उंबरा वाटेत येत नाही, ही त्यातली तक्रार. न्यायासनावर बसल्यावर हेच ह्यूअर्ट पक्षकारांशी अधीरपणे आणि एकांगीपणे वागत, असा इंग्लंडमधील अनेक कायदेपंडितांचा अभिप्राय आहे. वाक्य लिहिणारा वाक्याला पुरा पडतोच असे नाही, हे आम्हा वाङ्मयाच्या शिक्षकांना नवे नाही. पण त्यामुळे वाक्याचे मोल उणे होत नाही. उलट ते माणसाच्या स्वभावावर सोडून चालत नाही, रीतीतच बांधून घ्यावे लागते, हे त्याने सिद्ध होते.

मॅकार्थीने आपला दंड वाचवला, त्याने वाहन नीट चालवले होते की नाही हे इतिहासाला माहीत नाही. निकालाने ते ठरवलेच नाही. त्याला निर्दोष म्हणून कोणी गौरवले नाही. आपली बाजू ऐकणारे आसन निर्लेप असावे एवढेच त्याने मागितले आणि त्याला मिळाले. पुढच्या वेळी हे वचन फळ्यावर लिहून त्याचा कल्पनाविस्तार मागताना, ते दहा पौंडांच्या प्रकरणातून आले आहे हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे, अशी आमची सहाध्यापकांना विनंती आहे. कारण त्यांच्यातील बहुतेकांची न्यायसंस्थेशी पहिली गाठ खुनाच्या खटल्यात पडणार नाही. ती पडेल एखाद्या चौकात, पाचशे रुपयांच्या चलानावर.