मॉट, जॉन रॅली

(२५ मे १८६५ – ३१ जानेवारी १९५५). अमेरिकन ख्रिस्ती धर्मप्रचारक, जागतिक विद्यार्थी-चळवळीचा संघटक व १९४६ च्या शांतता नोबेल पारितोषिकाचा सहमानकरी. त्याचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील लिव्हिंग्स्टन मॅनर येथे झाला. तो काही महिन्यांचा असतानाच त्याचे कुटुंब आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या गावी स्थायिक झाले. वडील लाकडाचे व्यापारी होते व घरातील वातावरण मेथडिस्ट पंथाचे होते. वयाच्या सोळाव्या वर्षी मॉट फेयेट येथील अपर आयोवा विद्यापीठात दाखल झाला आणि १८८५ मध्ये इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात गेला. कायद्याचे शिक्षण घ्यावे की वडिलांचा व्यवसाय सांभाळावा, एवढाच प्रश्न त्या वेळी त्याच्यापुढे होता.

जानेवारी १८८६ मध्ये जे. ई. के. स्टड हा केंब्रिजचा नामवंत क्रिकेटपटू कॉर्नेलमध्ये व्याख्यानासाठी आला. चीनमध्ये धर्मकार्यासाठी गेलेल्या केंब्रिजच्या सात तरुणांपैकी सी. टी. स्टड याचा हा भाऊ. मॉट सभागृहात उशिरा पोहोचला आणि मागच्या बाजूस बसला. स्वतःसाठी मोठेपणाचा शोध न घेता आधी देवाचे राज्य शोधावे, या आशयाची बायबलमधील वचने त्याच क्षणी वक्त्याच्या तोंडून त्याच्या कानी पडली. दुसऱ्या दिवशी त्याने स्टडची भेट घेतली व आयुष्य धर्मकार्याला वाहण्याचा निश्चय केला. संतचरित्रांत आढळणारा साक्षात्कार किंवा पश्चात्तापाचा आवेग या प्रसंगात फारसा दिसत नाही. श्रद्धा त्याला घरातूनच लाभली होती. त्या श्रद्धेचे आयुष्यात काय करावयाचे, याचा निर्णय मात्र त्या दोन दिवसांत झाला. तो इथाका येथील तुरुंगातील कैद्यांना भेटू लागला. विद्यापीठातील ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ (वाय्. एम्. सी. ए.) या संस्थेच्या शाखेचा अध्यक्ष या नात्याने त्याने तिची सभासदसंख्या तिप्पट केली आणि तिच्या इमारतीसाठी निधी उभारला. भक्तीला हिशेबाच्या वहीची जोड देण्याची त्याची हातोटी तेव्हापासूनची आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ड्वाइट मूडी या धर्मोपदेशकाने मॅसॅचूसेट्समधील मौंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरविले. ८९ महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी त्यास उपस्थित होते. त्यांपैकी १०० जणांनी परदेशी धर्मकार्यास जाण्याची प्रतिज्ञा केली. मॉट त्यांतील एक होता. या प्रतिज्ञेमागील मुख्य प्रेरक रॉबर्ट वाइल्डर हा होता. त्याचा जन्म कोल्हापूरचा. त्याचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये तेथे मिशनचे कार्य सुरू केले होते. अमेरिकेतील या मोठ्या विद्यार्थी-चळवळीचे एक मूळ अशा रीतीने दक्षिण महाराष्ट्रात सापडते. प्रतिज्ञा करूनही मॉट मिशनरी म्हणून कोणत्याही परदेशात स्थायिक झाला नाही आणि त्याने धर्मोपदेशकाची दीक्षाही घेतली नाही. इतरांना पाठविणे हेच त्याचे जीवितकार्य ठरले.

पदवी मिळाल्यावर १८८८ मध्ये त्याने केवळ एका वर्षासाठी वाय्. एम्. सी. ए.च्या महाविद्यालयीन विभागाचे चिटणीसपद स्वीकारले. प्रत्यक्षात तो त्या पदावर १९१५ पर्यंत होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘स्टूडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’चेही अध्यक्षपद त्याच्याकडे आले. या चळवळीतून पुढे २० हजारांहून अधिक तरुण-तरुणी परदेशी गेल्या. १८९५ मध्ये स्वीडनमधील व्हाड्‌स्टेना येथील किल्ल्यात ‘वर्ल्ड स्टूडंट ख्रिश्चन फेडरेशन’ची स्थापना झाली व मॉट तिचा सरचिटणीस झाला. त्यानंतर लगेच निघालेल्या दोन वर्षांच्या दौऱ्यात त्याने भारत, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया इ. देशांत विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या केल्या. त्यांची सूत्रे शक्य तितक्या लवकर स्थानिक लोकांच्या हाती जावीत, असा त्याचा कटाक्ष असे.

‘याच पिढीत जगाला शुभवर्तमान’ हे चळवळीचे घोषवाक्य होते व त्यावर मॉटने १९०० मध्ये ग्रंथही लिहिला. सर्व जगाचे धर्मांतर होईल असा त्याचा दावा नव्हता. प्रत्येक माणसाला ख्रिस्ताविषयी ऐकण्याची संधी मिळावी, एवढेच अभिप्रेत असल्याचे तो सांगे. तथापि घोषणेतील घाई लपत नाही. गुस्टाफ वार्नेक या जर्मन अभ्यासकाने तिच्यावर टीका केली होती. पाश्चात्त्य साम्राज्ये ऐन भरात असताना आगबोटी, रेल्वे व तारायंत्रे यांच्या बळावर ती दिली गेली, हेही विसरता येत नाही.

एडिंबरो येथे जून १९१० मध्ये भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेचा मॉट अध्यक्ष होता, चिटणीस जे. एच्. ओल्डम याचा जन्म मुंबईचा. सुमारे १,२०० प्रतिनिधींत आशियाई जेमतेम वीसभर होते. त्यांतील व्ही. एस्. अझरिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या वडीलकीच्या वागण्यावर बोट ठेवले आणि उपकार नकोत, मैत्री हवी, अशी मागणी केली. अझरिया वाय्. एम्. सी. ए.च्या कार्यातूनच पुढे आले होते. १९१२ मध्ये ते डोर्नकल येथे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. मॉटच्या संघटनेनेच तिच्या त्रुटी दाखविणारी माणसे घडविली, हे तिचे यश मानावयास हवे.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१३ मध्ये देऊ केलेले चीनमधील राजदूतपद त्याने नाकारले. पहिल्या महायुद्धात त्याने सैनिक व युद्धकैदी यांच्या साहाय्यासाठी प्रचंड निधी जमविला. युद्धाने मात्र पाश्चात्त्य संस्कृतीविषयीचा विद्यार्थ्यांचा विश्वास उडाला होता. डे मॉइन येथील १९१९–२० च्या अधिवेशनात वंशभेद, कामगारांचे प्रश्न व युद्ध यांविषयी बोला, असे त्यांनी ज्येष्ठ नेत्यांना सुनावले. मॉटने १९२० मध्ये चळवळीचे अध्यक्षपद सोडले. पुढील दशकात नव्या स्वयंसेवकांची संख्या झपाट्याने घटली.

नोव्हेंबर १९३६ मध्ये तो वर्ध्याजवळील सेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे म. गांधींना भेटला. १९२९ मध्येही त्यांची भेट झाली होती. परंतु या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या येवले येथील धर्मांतराच्या घोषणेला (१९३५) जेमतेम वर्ष झाले होते आणि अस्पृश्य समाजाकडे सर्वच धर्मप्रचारकांचे लक्ष लागले होते. शुभवर्तमान सांगण्याचा हक्क मॉटने मांडला. सेवेच्या आडून धर्मांतर करू नये, असे गांधीजींचे म्हणणे होते. अस्पृश्यांतील अनेकांना धर्माधर्मांतील तारतम्य कळणार नाही, हे सांगताना त्यांनी गायीची उपमा दिली. ती पुष्कळांना खटकली व तसे होणे योग्यच होते. ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता, त्यांचा प्रतिनिधी त्या संभाषणात नव्हता. ‘हरिजन’ साप्ताहिकात हा संवाद प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९३८ मध्ये मद्रासजवळील तांबरम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या वेळी मॉटच अध्यक्षस्थानी होता. एडिंबरोच्या तुलनेत येथे आशिया व आफ्रिकेतील चर्चच्या प्रतिनिधींची संख्या कितीतरी मोठी होती.

१९४६ चे नोबेल पारितोषिक त्याला एमिली ग्रीन बाल्च या अमेरिकन शांततावादी विदुषीसमवेत विभागून मिळाले. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे स्थापन झालेल्या ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस’चा तो सन्माननीय अध्यक्ष होता. फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे त्याचे निधन झाले व वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये त्याचे दफन करण्यात आले. ‘स्टूडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ त्यानंतर चार वर्षांनी, १९५९ मध्ये, दुसऱ्या विद्यार्थी-संघटनेत विलीन झाली.