हवेचा नळ आणि जालन्याची रुई

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. या सोन्याचा मूळ धागा शोधू गेले, तर तो कापसाचा निघतो. गावाच्या नावाविषयी जी दंतकथा सांगतात तीही हेच सुचविते. या नगरीचे मूळचे नाव जनकपूर. पुढे एका धनवान मुसलमान दात्याच्या इच्छेवरून ते पालटले, आणि हा दाता धंद्याने जुलाहा म्हणजे विणकर होता म्हणून जालना हे नाव पडले, असे म्हणतात. दंतकथेला इतिहासाचे प्रमाणपत्र देण्याचे कारण नाही. परंतु लोकांनी आपल्या गावाचे नाव एका विणकराशी जोडावे, यातही काही अर्थ आहेच.

या कापसाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत. ते प्रकरण म्हणजे हवेचा नळ. विषय ऐकून कोणाला हसू आले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. इतिहास म्हटला की आम्हांला किल्ले आठवतात, सनदा आठवतात. पत्र्याचा नळ, त्याचा बाक, त्यातील झडप आणि टोकाचा पंखा यांना कोणी इतिहासाच्या पंक्तीला बसवीत नाही. पण आज जालना जिल्ह्यातील एखाद्या सुधारलेल्या सरकी-कारखान्यात पाऊल टाका. ढिगातला कापूस याच नळाने उचलला जातो, आणि सरकी काढून उरलेली रुईही बहुधा याच नळाने पुढे जाते. हा नळ आला कोठून, यावयास इतका उशीर का झाला, आणि त्याने कोणाचे काय दिले व काय घेतले, हे तीन प्रश्न आमच्यापुढे आहेत.

हवेला वाट करून देण्याची विद्या आमच्या मुलखाला अगदीच परकी नव्हती. देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या वरच्या तोंडाशी लोखंडी पत्रा आणि विस्तवाची सोय होती, आणि तो विस्तव धगधगता राहावा म्हणून खडकातून हवेसाठी भोक पाडलेले होते. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणले, तेव्हा त्या भुयारी नळावर ठिकठिकाणी जे उंच धारे बांधले त्यांना ‘उच्छ्वास’ असे नाव मिळाले. पाण्याच्या वाटेला श्वास लागतो, ही जाण त्या शब्दातच आहे. खुद्द जालन्यास सोळाव्या शतकात जमशेदखानाने मोती तलाव बांधून भुयारी नळांनी गावात पाणी खेळविले होते. म्हणजे जमिनीखालून वाट काढणारे कारागीर येथे होते. मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. या साऱ्या रचनांत हवा आपल्या गतीने येते व जाते. हवेला जुंपून तिच्याकडून ओझे वाहवून घेणे ही गोष्ट निराळी, आणि ती फार उशिरा साधली.

तिचा आरंभ खाणींत झाला. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोला या जर्मन पंडिताच्या खाणविद्येवरील ग्रंथात लाकडी नळ, भाते आणि हाताने फिरविण्याचे पंखे यांची चित्रे आहेत. खोल खाणीत गुदमरणाऱ्या मजुराला श्वास मिळावा हा त्यांचा हेतू. १७३६ साली देझागुलिए याने लंडनच्या पार्लमेंटात कोंदट हवा ओढून काढण्यासाठी असेच एक चाक बसविले. ते फिरविणाऱ्या मनुष्यालाच ‘व्हेंटिलेटर’ म्हणत! यंत्राचे नाव प्रथम माणसाला मिळाले आणि मग माणूस जाऊन नाव तेवढे यंत्राला उरले. हा क्रम पुढे आम्हांला पुन्हा भेटणार आहे.

लाकडी नळ फुगे, कुजे आणि पेट घेई. साध्या लोखंडी पत्र्याला गंज चढे. १८३७ च्या सुमारास फ्रान्स व इंग्लंडमध्ये लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीची पेटंटे निघाली, आणि नळाला स्वस्त व टिकाऊ अंग लाभले. हाच जस्ती पत्रा पुढे आमच्या खेड्यांत बादल्या, धान्याच्या कोठ्या आणि छपरे होऊन शिरला. राहिला पंखा. त्याची कथा हिंदुस्थानाशी जोडलेली आहे. सॅम्युएल डेव्हिडसन नावाचा आयरिश तरुण १८६४ साली आसामातील काचारच्या चहामळ्यांत आला. ओली पाने कोळशावर वाळविण्याची पद्धत पाहून त्याने गरम हवेने चहा वाळविण्याची यंत्रे रचली. १८८१ साली त्याने बेलफास्टला ‘सिरोको’ हा कारखाना काढला, आणि १८९८ मध्ये पुढे झुकलेल्या पुष्कळ आखूड पात्यांच्या पंख्याचे पेटंट घेतले. लहान आकारात पुष्कळ हवा हलविणारा हा पंखा पुढे जगभर गेला.

कापसाच्या कामी हवेला प्रथम जुंपले ते अमेरिकेत. टेक्सासमधील मेक्सिया गावच्या रॉबर्ट मंगर याने १८८० च्या दशकात अशी योजना बसविली, की गाडीतला कापूस नळाने शोषून थेट यंत्रावर पडावा आणि रुई पुढे दाबयंत्राकडे जावी. त्याच दशकात तेथील गिरण्यांत ‘सायक्लोन’ नावाचे भोवरापात्र आले. त्यात हवा गरगर फिरते, जड कचरा भिंतीला लागून खाली घसरतो आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. म्हणजे नळ, पंखा व भोवरापात्र ही तिन्ही साधने एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच जगात सिद्ध होती.

आता जालन्याकडे वळू. १९०० साली हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि मनमाडची वाट जालन्याला मोकळी झाली. त्यापाठोपाठ एकट्या जालन्यात सरकी काढण्याचे ९ कारखाने आणि रुईच्या गाठी बांधण्याचे ५ प्रेस उभे राहिले. १९०१ साली त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यातील अशा सर्व कारखान्यांत मिळून १,०१६ माणसे कामाला होती. घरोघरचा रेचा व चरकी मागे पडली. परंतु मेक्सियाचा नळ काही आला नाही. कापूस अंगणात उघड्यावर पडे. बाया पाट्या भरून तो डोक्यावरून वर नेत आणि यंत्रापुढे बसून मुठीमुठीने चारीत. पुढे पडलेली रुई पुन्हा पाट्यांनी प्रेसघराकडे जाई.

असे का झाले? आमचे लोक अडाणी होते म्हणून, असे उत्तर काही विद्वान देतात. आम्हांला ते मान्य नाही. अमेरिकेत व्हिटनीचे करवती यंत्र होते. ते एकदम पुष्कळ कापूस खाई, म्हणून त्याला भराभर चारणारा नळ हवा. आमच्याकडे मॅकार्थीने १८४० साली काढलेल्या धाटणीची, चामडी लाट व सुरी असलेली यंत्रे रूढ झाली. धाग्याला ती कमी दुखवितात, पण एकेकाचे काम थोडे. त्याला एका बाईची मूठ पुरे होई. आणि खरे कारण याहून कटू आहे. बाईची मजुरी पंख्याच्या वाफेहून स्वस्त होती. ज्या देशात माणसाचे मस्तक पत्र्याच्या नळापेक्षा स्वस्त असते, तेथे शोध लागूनही येत नाही.

स्वस्त मजुरीची किंमत कोणीतरी मोजतच होते. कापसाचे बारीक तूस श्वासाबरोबर छातीत जाते. जवस व भांग यांचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० सालीच वर्णिला आहे. कापूस कामगारांच्या या रोगाची एक चमत्कारिक खूण अशी, की सुटीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते. १९४८ च्या कारखाना कायद्याने धूळ जेथे उठते तेथूनच ती शोषून घेण्याचे बंधन मालकांवर घातले. कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या प्रेसमध्ये बायका व मुले यांना कामास मनाई केली. फक्त छतापर्यंत भिंत घालून यंत्राचे तोंड वेगळे केले असेल, तर त्या बाजूस बायका-मुलांना मुभा ठेविली. म्हणजे हवेच्या नळाची आज्ञा कायद्याने तेव्हाच दिलेली होती. नळ मात्र आला तो फुफ्फुसांच्या दयेने नव्हे.

तो आला बाजाराच्या भयाने. उघड्या अंगणातून आणि डोक्यावरून जाणाऱ्या रुईत सुतळी, चिंध्या, केस, पिसे आणि पुढे प्लॅस्टिकचे धागे मिसळत. सूत रंगविल्यावर हे डाग उघडे पडतात. परदेशच्या बाजारात हिंदी रुईची हाताने वेचल्यामुळे जी कीर्ती व्हावयाची, ती कारखान्याच्या अंगणात मातीमोल होई. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाची तंत्र-मोहीम सुरू केली. तिच्या चौथ्या शाखेने सरकी-कारखान्यांच्या सुधारणेस साहाय्य दिले. फरसबंद अंगणे, ओळीने मांडलेली दुलाटी यंत्रे, सरकते पट्टे आणि हवेचे नळ तेव्हा मराठवाड्यातही दिसू लागले. मेक्सियाहून येथे यावयास नळाला एक शतकाहून अधिक काळ लागला!

नळ आला म्हणजे पत्रा गुंडाळला की झाले, असे नव्हे. कापूस उचलून न्यावयाचा तर हवा सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहावी लागते. वेग कमी पडला की कापूस नळात बसतो. जास्त झाला की विजेचे बिल गगनाला भिडते. पंख्याचा नियम असा आहे, की त्याच नळातून हवा दहा टक्के अधिक ढकलावयाची तर शक्ती तेहतीस टक्के अधिक लागते. बाकाची गोष्ट तशीच. काटकोनात एकदम वळविलेल्या नळात हवा अडखळते, आणि कापसाबरोबर आलेली वाळू बाहेरच्या अंगावर घासून पत्र्याला चाळणी करते. म्हणून बाकाची त्रिज्या नळाच्या व्यासाच्या निदान दीडपट ठेवतात आणि झिजणाऱ्या पाठीवर जाड पत्रा जोडतात. शेवटी हवा व कापूस यांची फारकत करावी लागते. तेथे जाळीचे विभाजक पात्र असते, आणि त्याखाली रबरी पाती असलेली फिरती झडप. ती कापूस खाली सोडते, पण बाहेरची हवा आत शिरू देत नाही. ही पाती झिजली की सारा नळ निःश्वास टाकून बसतो!

आगीची भीती तर निराळीच. कापसातला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्राला घासून ठिणगी उडाली, तर तोच नळ तिला क्षणात दुसऱ्या टोकाला पोचवितो. म्हणून वाटेत खडे पकडणारे सापळे व लोहचुंबके बसवितात. मोठ्या इमारतींच्या हवानळांत यासाठी एक सोपी युक्ती निघाली. झडप एका कडीने उघडी धरून ठेवावयाची, आणि ती कडी सुमारे ७० अंशांवर वितळणाऱ्या मिश्र धातूने सांधावयाची. उष्णता वाढली की कडी सुटते आणि झडप आपोआप पडते. पहारेकरी झोपला तरी ती झोपत नाही.

जालना जिल्ह्यातील अशा एका कारखान्यात आम्ही हिवाळ्याच्या हंगामात एक दिवस काढला. नळाचा एक बाक फाटला होता. मोठ्या कारखान्याचा माणूस येईपर्यंत काम थांबवावे लागले असते. पण गावातला पत्रेवाला मिस्त्री आला. त्याने जुन्या बाकावरून कागदाचे माप काढले, पत्र्याच्या पाकळ्या कापल्या, कडांना घडी मारली आणि दुपारपर्यंत नवा बाक चढविला. त्याचे वडील धान्याच्या कोठ्या करीत, असे त्याने सांगितले. शोधांच्या इतिहासात अशा माणसांची नावे नसतात. पण पुस्तकातला नळ प्रत्यक्षात वाहता राहतो तो यांच्या हातावर.

तेथेच एका वृद्ध कामगार बाईंनी आम्हांला दुसरी बाजू सांगितली. पूर्वी डोक्यावर पाटी होती, आता डोक्यावरून नळ जातो. ओझे उतरले आणि त्याबरोबर पुष्कळींची हजेरीही उतरली, असे त्या म्हणाल्या. आता ज्या थोड्या बाया राहिल्या त्या कचरा वेचतात. लंडनच्या त्या चाक फिरविणाऱ्या माणसाची आम्हांला आठवण झाली. पाटी वाहण्याचे ते दिवस परत यावेत, असे म्हणणारा मनुष्य पाटीखाली कधी उभा राहिलेला नसतो. परंतु ओझे काढून घेतले की न्याय झाला, असेही नव्हे. जिच्या छातीत हंगामामागून हंगाम तूस साठले, तिला नव्या व्यवस्थेत कोणती जागा दिली, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. तो समाजालाच सोडवावा लागतो. शिवाय आतली धूळ शोषून भोवरापात्राच्या धुराड्याने शेजारच्या वस्तीवर सोडली, तर ती धूळ नाहीशी झाली असे नव्हे, तिचा फक्त पत्ता बदलला.

हवेचा नळ आता जालन्यात कापसापुरता राहिलेला नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी काढली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. बियाणे सुकविताना हवा फार तापवून चालत नाही. चाळीस अंशांच्या आसपास हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर दाणा सुकतो आणि अंकुरही मरतो. लोखंडी सळयांच्या कारखान्यांत भट्टीचा धूर ओढून पिशव्यांच्या गाळणीत नेणारे नळ लागतात. तीच विद्या आहे, पण एके ठिकाणी ती अंकुर राखते आणि दुसरीकडे तिने गावाचा श्वास राखावयाचा आहे.

तात्पर्य, साधनाचा शोध लागणे वेगळे आणि त्याची गरज समाजाला पटणे वेगळे. मंगरचा नळ जालन्यास यावयास शंभर वर्षे लागली, कारण आम्ही रुईच्या डागाची किंमत उशिरा ओळखली आणि छातीच्या डागाची तर त्याहूनही उशिरा. आमच्या पूर्वजांनी पाण्याच्या नळालाही उच्छ्वास ठेविला होता. कारखाना उभारताना प्रथम माणसाच्या श्वासाची वाट आखावी आणि मग मालाची, एवढे जरी आम्ही या पत्र्याच्या नळापासून शिकलो, तरी त्याला इतिहासाच्या पंक्तीला बसविल्याचे सार्थक होईल.