काळ्या कापडी बांधणीची वही

२८ मार्च १९२२ च्या रात्री बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहात रशियन निर्वासितांची सभा भरली होती. व्याख्याते होते पावेल मिल्युकोव्ह, उदारमतवादी कॅडेट पक्षाचे पुढारी. अचानक एका माणसाने त्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. त्यांचे जुने सहकारी व्लादिमीर द्मित्रियेविच नाबोकोव्ह धावले, त्यांनी मारेकऱ्याला खाली पाडले. तेवढ्यात दुसऱ्या मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्याच्यासाठी सारा कट होता त्या मिल्युकोव्हला इजाही झाली नाही; मेला तो मध्ये पडलेला माणूस. त्या वेळी नाबोकोव्ह यांचा थोरला मुलगा, केंब्रिजमधून सुटीत आलेला, घरी आईला ब्लोकच्या कविता वाचून दाखवीत होता. दूरध्वनी वाजला. मुलाला अजून तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढे 'लोलिता'चा लेखक म्हणून (आणि आपल्याकडे दुर्दैवाने बहुधा तेवढ्यापुरताच) जगाला ठाऊक झालेला तो व्लादिमीर नाबोकोव्ह.

ह्या हत्येत शोधून काढण्यासारखे रहस्य असे नव्हते. शाबेल्स्की-बोर्क आणि ताबोरित्स्की हे दोघे कडवे राजनिष्ठ जागीच पकडले गेले, खटला चालला, शिक्षा झाल्या आणि पाच-सहा वर्षांत दोघेही सुटले. 'कोणी मारले' ह्याचे उत्तर पहिल्याच रात्री मिळालेल्या मुलापुढे वेगळाच प्रश्न उरला होता. मारला गेलेला हा माणूस होता कोण? त्याने घरात पाहिलेले वडील वेगळे, आणि बंद दारापलीकडे बैठकी घेणारे, मुलांशी राजकारणाविषयी फारसे न बोलणारे वडील वेगळे.

शोधाचे साधन त्याला फार उशिरा मिळाले. 'स्पीक, मेमरी' ह्या आत्मचरित्राच्या नवव्या प्रकरणात तो काळ्या कापडी बांधणीच्या एका जीर्ण वहीचा उल्लेख करतो. तिच्यात वडिलांची जुनी कागदपत्रे, टिपणे, दैनंदिनीची पाने होती. आईने प्रागमध्ये मरेपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, काही कागद जपले. नंतर वीस-बावीस वर्षे ते कुठे कुठे भटकले आणि १९६१ च्या सुमारास मुलाच्या हाती आले. १९५१ च्या पहिल्या आवृत्तीत नसलेले वडिलांचे छोटेसे चरित्र साठच्या दशकातील सुधारित आवृत्तीत आले ते ह्यामुळे. साठी ओलांडलेला मुलगा, बावन्नाव्या वाढदिवसाआधीच मारल्या गेलेल्या बापाचा चरित्रकार झाला.

त्या चरित्रात काय सापडते? बाप झारच्या न्यायमंत्र्याचा मुलगा, फौजदारी कायद्याचा अध्यापक, दरबारी पदवीचा मानकरी. १९०३ मध्ये किशिनेव्ह येथे ज्यूंची कत्तल झाली, तेव्हा सरकारी यंत्रणेला दोषी धरणारा लेख त्याने लिहिला. पुढे दरबारी पदवी काढून घेण्यात आली, तर ह्या गृहस्थाने आपला दरबारी गणवेश विकणे असल्याची जाहिरात वर्तमानपत्रात दिली! १९०६ च्या पहिल्या दूमात त्याने देहदंडाविरुद्ध भाषणे केली. दूमा बरखास्त झाल्यावर व्हीबोर्गच्या जाहीरनाम्यावर सही केली म्हणून १९०८ मध्ये क्रेस्ती तुरुंगात तीन महिने काढले. १९१७ मध्ये हंगामी सरकारचा कार्यालयप्रमुख. ग्रँड ड्यूक मिखाईलने सिंहासन नाकारले त्या दस्तऐवजाच्या मसुद्यातही त्याचा हात. नंतर क्रिमियाच्या अल्पायुषी सरकारात न्यायमंत्री, १९१९ मध्ये देशत्याग, आणि बर्लिनमध्ये 'रूल' हे दैनिक.

इतके सगळे सापडल्यावर मुलगा हत्येविषयी किती लिहितो? जवळजवळ एक वाक्य, तेही दुसऱ्याच प्रसंगाच्या शेपटाला जोडून. १९११ मध्ये एका वर्तमानपत्राच्या संपादकाला वडिलांनी द्वंद्वाचे आव्हान दिले. बारा वर्षांच्या मुलाला ते शाळेत, सोबत्यांकडून कळले. बर्फातून घरी येतानाच्या त्या भयाचे वर्णन दीर्घ आहे. घरी येतो तो समजते, संपादकाने क्षमा मागितली, द्वंद्व टळले. त्या सुटकेच्या क्षणीच तो ओझरते सांगून टाकतो की खरी गोळी अजून दहा वर्षे दूर आहे. ह्यात अलिप्तता पाहणाऱ्या टीकाकारांशी मला सहमत होता येत नाही. न आलेल्या मरणाचे भय तपशीलवार सांगितले की आलेल्या मरणाविषयी वेगळे बोलावे लागत नाही.

इतिहासाने मात्र हे प्रकरण मिटू दिले नाही. १९३६ मध्ये नाझी राजवटीने रशियन निर्वासितांच्या कारभारासाठी जनरल बिस्कुप्स्कीला नेमले आणि त्याचा सहायक म्हणून ताबोरित्स्कीला. बापाचा खुनी आता सरकारी खुर्चीत होता. मुलाची पत्नी व्हेरा ज्यू, पोर दोन वर्षांचे. जानेवारी १९३७ मध्ये त्याने बर्लिन सोडले ते कायमचे. ह्याच वर्षांत लिहिल्या गेलेल्या 'द गिफ्ट' कादंबरीचा तरुण कवी फ्योदोर, मध्य आशियाच्या मोहिमेत नाहीशा झालेल्या आपल्या वडिलांचे चरित्र लिहू पाहतो. टिपणे काढतो, प्रवासवर्णने वाचतो, इतका गुंततो की त्या मोहिमेत स्वतःच चालू लागतो. आणि मग लेखन सोडून देतो. कल्पनेने भरलेली पोकळी खरी मानण्याचा त्याला संकोच वाटतो. आपल्याकडच्या पितृचरित्रांना हा संकोच क्वचितच शिवलेला दिसतो.

'पेल फायर' (१९६२) मध्येही कवी शेड दुसऱ्यासाठी निघालेल्या गोळीने मरतो, तोही २१ जुलै रोजी, म्हणजे लेखकाच्या वडिलांच्या वाढदिवशी. हा धागा खराच, पण त्यावरून अख्खी कादंबरी 'बापाच्या खुनाची कथा' ठरवणे, हे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसणारे सोपे गणित झाले. कादंबरीत बापाचे नाव कुठेच नाही. आहे ती फक्त चुकलेल्या नेमाची रचना.

शाबेल्स्की-बोर्क १९५२ मध्ये अर्जेंटिनात मेला. ताबोरित्स्की पश्चिम जर्मनीत १९८० पर्यंत जगला, म्हणजे नाबोकोव्ह स्वित्झर्लंडमध्ये वारला त्यानंतरही तीन वर्षे.